डाग हीच ओळख

हिरवा खडा म्हटला, की आपल्याला पाचू आठवतो. मला आज सांगायचे आहे, ते त्याहून दुर्मीळ अशा डिमँटॉइडविषयी. आपला गोमेद ज्या गार्नेट कुळातला, त्याच कुळातला हा खडा. १९व्या शतकाच्या मध्याला तो रशियातील उरल पर्वतात सापडला. नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखा’, आणि ते सार्थच आहे. पांढऱ्या प्रकाशातले रंग वेगळे करण्याचे हिऱ्याचे माप ०.०४४, तर याचे ०.०५७!

खरी गंमत पुढेच आहे. एरवी खड्यात डाग दिसला, की किंमत उतरते. डिमँटॉइडमध्ये मात्र भिंगाखाली क्रायसोटाइल या खनिजाचे बारीक तंतू घोड्याच्या शेपटीसारखे पसरलेले दिसले, तर संग्राहक जास्त पैसे मोजतात. खडा डिमँटॉइडच आहे, याचा तो निसर्गाने दिलेला दाखला असतो. पण शेपटी दिसली म्हणजे खडा रशियाचाच, असे नव्हे. इटली आणि इराणच्या खड्यांतही ती आढळते. म्हणून मूळ ठिकाणाच्या नावावर चढी किंमत मोजण्यापूर्वी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र अवश्य मागावे.

आणखी एक. याचा कठीणपणा साडेसहा ते सात, हिऱ्याचा दहा. तेव्हा रोजच्या अंगठीपेक्षा तो कानातच अधिक सुरक्षित!