जुन्या मोटारबसचा जीर्णोद्धार



पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानें पिंपरीकडे जातांना हॅरिस पूल ओलांडला कीं दापोडी लागतें. राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा येथें आहे. पुढें पिंपरी, भोसरी, आकुर्डी आणि थेट चाकणपर्यंत मोटारी व त्यांचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यांची रांग लागते. नवें वाहन निर्माण करण्याची विद्या या पट्ट्यांत जितकी एकवटली आहे तितकी महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच असेल. जुनें वाहन जिवंत ठेवण्याच्या विद्येविषयीं मात्र आपल्याकडे फारसें बोललें जात नाहीं. त्यांतही मोटारबसविषयीं तर नाहींच. आज तिच्याविषयीं चार शब्द सांगावे असा विचार आहे.

1 जून 1948 रोजीं पुणें-अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) या मार्गावर एस्. टी.ची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे हीं नांवें आज पुष्कळांना ठाऊक आहेत. गाडी बेडफर्ड बनावटीची होती. सांगाडा लांकडी, आसनें काथ्याचीं, अंगाचा रंग निळा आणि टप रुपेरी. आज लाल रंगावांचून एस्. टी.ची कल्पनाच ज्यांना करतां येत नाहीं, त्यांना हा निळा रंग नवल वाटावयास लावील. आरंभींच्या त्या काळांत शेव्हरोलेट, फोर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा निरनिराळ्या दहा बनावटींच्या गाड्या सेवेंत होत्या. दहा बनावटींचे सुटे भाग सांभाळणाऱ्या भांडारपालाची काय अवस्था होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी! पुढें पुणें-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरियारोहिणी’ या दोन आरामगाड्या आल्या. त्यांत पडदे होते, घड्याळ होतें, हिरवट छटेच्या कांचा होत्या. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें आलेली निम-आराम गाडी तर ‘एशियाड’ याच नांवानें घरोघर ओळखली गेली.

या गाड्या गेल्या कोठें, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. धनिकाची मोटार गॅरेजमध्यें झांकून ठेवली जाते आणि नातू ती बाहेर काढतो. बसच्या नशिबीं तें भाग्य नसतें. ती आयुष्यभर राबते. तिची चासी एका कारखान्यांत होते, वरचा सांगाडा दुसरीकडे बांधला जातो, आणि कांहीं वर्षांनीं जुन्या चासीवर नवा सांगाडाही चढविला जातो. एंजिन एका गाडींतून काढून दुसरींत बसविणें ही तर कार्यशाळेंतील नित्याची गोष्ट. तेव्हां जीर्णोद्धार करणाऱ्यापुढें पहिलाच पेंच उभा राहतो तो असा, कीं अस्सल म्हणावयाचें तरी कशाला? माझ्या मतें चासीवरील कोरलेला क्रमांक हाच शेवटचा साक्षीदार मानावा, आणि बाकीचें जें बदललें असेल तें केव्हां बदललें याची प्रामाणिकपणें नोंद करावी.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. बाहेरचा अल्युमिनियमचा पत्रा पुष्कळदां ठीक दिसतो, परंतु खरा रोग त्याच्या आड असतो. लांकडी सांगाडा असेल तर खिडकीच्या खालच्या कडेला आणि दाराच्या पायरीपाशीं पाणी मुरून तो कुजलेला असतो. लोखंडी असेल तर जेथें लोखंड आणि अल्युमिनियम एकमेकांस चिकटतात तेथें ओलाव्यामुळें पत्रा झिजून पांढरी भुकटी जमते. म्हणून दोन धातूंच्या मध्यें रंगाचा किंवा दुसरा कसला तरी पडदा ठेवावा लागतो. पत्रा सोडवावयाचा तर एकेक रिव्हेट छिद्र पाडून काढावा लागतो, आणि एका बाजूला असे शेंकडों रिव्हेट असतात. कुजलेलें लांकूड लगेच फेंकून देणें ही नवख्याची चूक होय. तेंच पुठ्ठ्यावर किंवा प्लायवुडवर ठेवून त्याचा नमुना आंखून घेतल्यावांचून नव्या लांकडास तो बांक देतां येत नाहीं.

एंजिन वर्षानुवर्षें पडून राहिलें म्हणजे दट्टे नळकांड्यांत चिकटून बसतात. अशा वेळीं स्टार्टर दाबण्याची घाई घातक ठरते. नळकांड्यांत तेल सोडून कांहीं दिवस थांबावें आणि मग हॅंडलनें हळूहळू फिरवावें. रंगाचें काम सर्वांत रमणीय. बारीक पाणकागदानें एका ठिकाणीं गोल घांसत गेलें कीं एकाखालीं एक थर उघडे पडतात, आणि झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें त्या गाडीचीं वर्षें मोजतां येतात. सारें मेणासारखें चकचकीत करून टाकण्याचा मोह कित्येकांना होतो. मला तो रुचत नाहीं. वाहकाच्या हातानें गुळगुळीत झालेला दांडा नवीन मुलाम्यानें झांकण्यांत कोणता लाभ?

हें सारें काम इंग्लंडांत बव्हंशीं हौशी मंडळीच करतात. वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स येथें लंडनच्या बसगाड्यांचें संग्रहालय आहे. तें स्वयंसेवकांच्या बळावर चालतें. जुन्या मालवाहू व प्रवासी गाड्यांची लंडन-ब्रायटन फेरी 1962 पासून सुरू झाली. आपल्या पहिल्या एस्. टी.च्या कुळांतील कित्येक बेडफर्ड गाड्या तेथें आजही धडधाकट आहेत.

आपल्याकडे उत्साह नाहीं असें मुळींच नाहीं. ‘बस फॉर अस फाउंडेशन’ या हौशी मंडळींच्या संस्थेनें ‘वारी लालपरीची’ या नांवानें 2019 मध्यें एस्. टी.चाच इतिहास एस्. टी.च्या गाडींत मांडून ती गांवोगांव फिरविली. मुंबईंत 15 जुलै 1926 रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली, आणि 1937 मध्यें दुमजली गाडी आली. त्या जुन्या धर्तीच्या दुमजली गाड्यांपैकीं शेवटची गाडी 15 सप्टेंबर 2023 रोजीं अंधेरीच्या आगरकर चौकांतून निघाली, तेव्हां लोकांनीं तिला हार-फुलांनीं सजवून निरोप दिला. बेस्टचें एक संग्रहालय आणिक आगारांत आहे.

अडचण आहे ती कायद्याची. जुलै 2021 मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे खास नियम केले. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. परंतु ही सवलत दुचाकी वाहनें आणि चालकाखेरीज आठांहून अधिक आसनें नसलेल्या चारचाकी मोटारी यांपुरतीच आहे. बस तींत बसत नाहीं. दुसरीकडे 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचें नूतनीकरण बंद झालें, आणि त्यांत राज्य परिवहनाच्या व नगरपालिकांच्या गाड्याही आल्या. म्हणजे राजाची मोटार पन्नाशी गाठून मिरवूं शकते, आणि शाळकरी पोरें, आजारी माणसें, भाजीच्या पाट्या वाहणारी गाडी पंधराव्या वर्षीं मोडींत जाते! हवेची शुद्धता राखण्यासाठीं जुन्या गाड्या काढणें योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण प्रत्येक बनावटीची एक गाडी राखून ठेवावयाची तर तो निर्णय लिलावापूर्वींच झाला पाहिजे.

या कामास लागणारे हात पिंपरी-चिंचवडमध्येंच आहेत. भोसरीस 1967 पासून केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, आणि पत्रा ठोकण्यांत, वेल्डिंगमध्यें, लेथवर उभा जन्म घालविलेले निवृत्त कारागीर प्रत्येक वसाहतींत भेटतात. गाडी मिळेपर्यंत त्यांनीं हातांवर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. मोडींत निघणाऱ्या गाडीचीं मापें घेणें, खिडकीच्या चौकटीचा नमुना उतरविणें, छायाचित्रें काढणें हें काम दोन माणसांनीं टेप व वही घेऊन एका रविवारीं होण्याजोगें आहे. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं वडिलांची तिकिटांची पेटी, तिकिटाला भोंक पाडण्याचा चिमटा किंवा कार्यशाळेंतील जुनें छायाचित्र असेल, तर त्याच्या मागें गांवाचें नांव आणि साल पेन्सिलीनें आजच लिहून ठेवावें. शाई पाझरते, पेन्सिल टिकते.