ऑक्सिजनचाही डोस असतो

सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेला, विडीचे व्यसन असलेला माणूस दम लागून रुग्णालयात दाखल झाला, की नातेवाईक म्हणतात, ‘सिस्टर, ऑक्सिजन वाढवा.’ पण ऑक्सिजन हे औषधच आहे. बहुतेक रुग्णांत रक्तातील ऑक्सिजनची पातळी ९४ ते ९८ टक्के ठेवतात. ‘सीओपीडी’ या फुप्फुसाच्या जुनाट विकारात ८८ ते ९२ पुरेशी असते. त्याहून वाढवल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो.

हा तोल परिचारिका सांभाळते. नाकातील नळीला मिनिटाला १ ते ६ लिटर, साध्या मास्कला किमान ५, पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात आणि पिशवी फुगलेली असावी लागते. नेलपॉलिश किंवा गार बोटांमुळे ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, हेही तिलाच पाहावे लागते.

त्यासाठी डॉक्टरांनी केसपेपरवर पातळी लिहून द्यावी, प्रत्येक वॉर्डात चालू ऑक्सिमीटर असावा, प्रशिक्षण नियमित व्हावे. रात्रपाळीत एकाच सिस्टरवर सारा वॉर्ड असेल, तर जाणकार सिस्टरकडूनही नोंद राहून जाते. २०२१च्या लाटेत आपण सिलिंडर मोजले. लिटर मोजणे तितकेच गरजेचे आहे.

नातेवाइकांनी ऑक्सिजनची चावी स्वतः फिरवू नये. रुग्णाला जास्त झोप येऊ लागली, तर लगेच सिस्टरना सांगावे.