काय वगळलं, ते लिहून ठेवा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांबद्दल बरंच बोललं जातं; नोंदींमधून लहर हुडकणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र क्वचितच. 'लालसूट' हा त्यातला महत्त्वाचा संच सर्वांना खुला आहे. हिंगोलीतल्या कॉलेजचा विद्यार्थीही तो आज उतरवून घेऊ शकतो. मग त्याच्यासमोर पहिला प्रश्न येतो तो शोधाचा: अमुक फंक्शन नेमकं कुठे लिहिलं आहे?

टर्मिनलवर त्यासाठी 'ग्रेप' आहे, १९७३पासून युनिक्सच्या जगात रुळलेली आज्ञा. आतल्या फोल्डरांतही शोधण्याचा पर्याय देऊन फोल्डर दिला की ती आतली प्रत्येक फाइल वाचते, आणि अडचण तिथेच सुरू होते. लालसूटचा गाभा सी भाषेत आहे. तो पायथनमधून वापरता यावा म्हणून संच बांधताना 'स्विग' हे साधन जोडणीचा कोड आपोआप तयार करतं, आणि तीच फंक्शनची नावं त्यातही येतात. माणसाने लिहिलेली मूळ ओळ या गर्दीत हरवते. संगणक आता वेगवान आहेत, मग वगळायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण इथे वाचवायचा आहे तो वाचणाऱ्याचा वेळ. म्हणून ग्रेपला 'एक्सक्लूड-डर' हा पर्याय देऊन नको ते फोल्डर टाळता येतात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या 'गिट'मधली 'गिट ग्रेप' ही आज्ञा एरवी फक्त गिटने नोंद ठेवलेल्या फाइलीच पाहते. अँड्र्यू गॅलंट यांचं २०१६मधलं 'रिपग्रेप' हे शोधसाधन तर 'गिटइग्नोर' फाइलीतली वगळायच्या गोष्टींची यादी स्वतःहून पाळतं.

याच सोयीवरचा आक्षेप जास्त गंभीर आहे. रिपग्रेप टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलीही वगळतं. लालसूटच्या चाचण्या कशा चालवायच्या, हे 'गिटलॅब' या कोड ठेवण्याच्या सेवेला सांगणारी फाइल नेमकी टिंबानेच सुरू होते. म्हणजे एखादं नाव तिथे असूनही शोध रिकामा येऊ शकतो. 'सापडलं नाही' याचा अर्थ 'अस्तित्वात नाही' असा घेतला की चूक ठरलेलीच. पण म्हणून वगळणंच सोडून देणं हा उपाय नव्हे. अमेरिकेत आधीपासून चालू असलेल्या लायगो वेधशाळांचे शास्त्रज्ञही गोंगाटाने बिघडलेला काळ विश्लेषणातून बाजूला काढतात, पण त्या काळाच्या खुणा खुल्या माहितीसोबत प्रसिद्ध करतात. कोडमध्येही हेच हवं. वगळणीची यादी आपल्या एकट्याच्या संगणकावरच्या शॉर्टकटमध्ये दडवू नका. ती प्रकल्पातल्या 'इग्नोर' फाइलीत, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. आणि एखादं फंक्शन निरुपयोगी समजून पुसण्याआधी एकदा काहीही न वगळता शोधा. रिपग्रेपमध्ये त्यासाठी 'यू' हा पर्याय तीनदा द्यावा लागतो; ग्रेपमध्ये वगळणीचे पर्याय काढले की पुरे.