हात-रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा आणि उसाची तोड



हंगाम तोंडावर आला की आर्णीच्या गट कार्यालयात तोडीच्या चिठ्ठीसाठी गर्दी होते. मागे एका हंगामात एक सभासद उसाचे कांडेच घेऊन आले. म्हणाले, "साहेब, पाहा तुमच्या दुर्बिणीत. एकवीस दाखवते. माझा ऊस आधी न्या." आम्ही पाहिले, आकडा बरोबर होता. मग त्यांच्या वावरात गेलो. कांडे धुऱ्याकडच्या उसाचे, तेही बुडख्याचे निघाले. आतल्या उसाचा आकडा मध्यावर सोळाच्या वर जाईना. यंत्रात दोष नव्हता, नमुना चुकला होता.

ही दुर्बीण म्हणजे हात-रिफ्रॅक्टोमीटर. उजेडाचा किरण रसातून जाताना वाकतो. रसात विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका तो जास्त वाकतो. दोन थेंब काचेवर टाकून झाकण दाबावे व उजेडाकडे पाहावे. निळा व पांढरा भाग जेथे मिळतात, तेथला आकडा म्हणजे ब्रिक्स. ब्रिक्स २० म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे २० ग्रॅम विरघळलेले पदार्थ. आधी शुद्ध पाणी टाकून आकडा शून्यावर आहे ना, ते पाहून घ्यावे. साधे यंत्र २० अंश सेल्सियसला लावलेले असते. तापमान ३० अंश असेल तर वाचनात सुमारे पाऊण मिळवावा लागतो.

नमुना घेताना धुऱ्याकडच्या दोन-तीन सऱ्या सोडाव्यात. लोळलेला, किडका आणि मागून फुटलेला ऊस घेऊ नये. वावरात पाच-सहा ठिकाणी उभ्या उसाचा रस बुडखा, मध्य व शेंडा असा तिन्हीकडून काढावा. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या आकड्याने भागावा. बुडखा २० आणि शेंडा १५ असेल तर उत्तर ०.७५ येते, म्हणजे ऊस कच्चा. शेंडा १९ झाला तर ०.९५, ऊस तोडीला आला. उत्तर एकाच्या वर जाऊ लागले तर ऊस जास्त पिकत चालला आहे, तो थांबवू नये.

आता महत्त्वाचे. ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे. त्यात ग्लुकोज, क्षार, सगळेच मोजले जाते. दोन उसांचा ब्रिक्स २० असला, पण एकाची शुद्धता ८८ व दुसऱ्याची ७५ असली, तर पहिल्याच्या रसात साखर १७.६ टक्के आणि दुसऱ्याच्या १५ टक्केच. हा फरक दुर्बिणीत दिसत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडलेल्या उसाचे तर विचारूच नका. पाणी उडाल्याने ब्रिक्स चढतो आणि आत साखर मोडत असते. बिअर करणारेही हेच यंत्र वापरतात. आंबवण सुरू होऊन मद्यार्क तयार झाला की सरळ वाचलेला आकडा त्यांनाही चकवतो, गणित करून दुरुस्त करावा लागतो.

हे सारे कशासाठी? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरवला. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. उतारा खाली गेला तर त्याच हिशेबाने घट, मात्र साडेनऊच्या खाली कपात नाही. हा उतारा कारखान्याच्या सरासरीचा असतो, एकेकाच्या उसाचा नव्हे. म्हणून कोणी तोडीच्या आदल्या आठवड्यात भरपूर ओलीत करून वजन वाढवले, तर त्याच्या काट्यावर चार पैसे पडतात आणि भाव सगळ्यांचा उतरतो. हे आम्ही तोंडावर सांगतो तेव्हा काहींना राग येतो. येऊ द्या.

आपल्या काळ्या जमिनीत ओल लवकर हटत नाही. तेव्हा तोडीआधी दोन-तीन आठवडे पाणी बंद ठेवावे, आणि उशिरा युरिया टाकू नये. त्याने ऊस हिरवा राहतो व पक्वता लांबते. फिल्डमन दुर्बीण घेऊन आला की बरोबर वावरात जा, कांडी कोठून घेतो ते पाहा आणि तिन्ही आकडे आपल्या वहीत लिहून घ्या. दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा येईल, तेव्हा हेच आकडे लागतील.