युमाचा हिवाळा आणि फुकट जागेचा हिशेब

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, कोलोरॅडो नदीच्या काठावर युमा वसलं आहे. नदीपलीकडे कॅलिफोर्निया, आणि मेक्सिकोची हद्द गाडीने अर्ध्या तासाच्या आत. वर्षभरात पाऊस जेमतेम आठ सेंटिमीटर. जुलैत पारा बेचाळिशी गाठतो, पण जानेवारीतली दुपार वीस-एकवीस अंशांची, कोवळी. उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात बर्फ साचू लागलं की तिकडची निवृत्त माणसं आपापल्या आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, घेऊन दक्षिणेला निघतात. त्यांतली हजारो युमात किंवा तिथून १३० किलोमीटर उत्तरेला असलेल्या क्वार्ट्झसाइटच्या माळावर येऊन थांबतात. काहीजण तिथे हंगामी कामही धरतात. त्यांच्या गोष्टी ऐकून एक समज पक्का होतो: थोडं काम करा, जागा फुकट मिळवा आणि हिवाळाभर भटका. या समजाच्या पोटात आणखी पाच-सहा गैरसमज आहेत, पण सगळ्यांचं मूळ एकच आहे. कामाच्या बदल्यात मिळणारी जागा फुकट नसते, ती मजुरी असते. हे एकदा मान्य केलं की वेतनाचा कायदा, कर, व्हिसा आणि फिरायला उरणारा वेळ, या सगळ्यांचा उलगडा होऊ लागतो.

आधी तासांचा हिशेब करू. समजा, एका खासगी आरव्ही पार्कने वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा देऊ केली आणि बदल्यात जोडप्याकडून मिळून आठवड्याला तीस तास काम मागितलं. ऑफिसात बसून आरक्षणं घ्यायची, स्वच्छतागृहं धुवायची, आवार झाडायचं. ॲरिझोनात २०२५ सालचं किमान वेतन तासाला १४.७० डॉलर होतं. चार आठवड्यांचे १२० तास धरले तर १,७६४ डॉलरचं काम झालं. त्या जागेचं महिन्याचं भाडं ८०० डॉलर असेल, तर या जोडप्याला काहीच फुकट मिळालं नाही. उलट ९६४ डॉलरचं काम त्यांनी बिनपगारी केलं. यावर कोणी म्हणेल की भाडं वाचलं ना, मग पुरे. पण फक्त स्वस्तात राहायचं असेल तर त्यासाठी काम करण्याची गरजच नाही. केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याने १९८३ पासून या भागात दीर्घ मुक्कामाची क्षेत्रं आखून दिली आहेत. क्वार्ट्झसाइटजवळचं ला पोसा आणि युमाजवळचं इम्पीरियल डॅम ही त्यांतली दोन. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढ्या सात महिन्यांचा परवाना अनेक वर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे. चालू दर निघण्यापूर्वी पाहून घ्यावा. गाडीशेजारी विजेची जोडणी नसते. सौर पॅनेल, पाण्याची आणि सांडपाण्याची टाकी आपली आपण सांभाळावी लागते. तेवढी तयारी असेल तर त्या दराने महिन्याला पंचवीस-तीस डॉलरमध्ये राहता येतं आणि दिवसाचा एकही तास कुणाला द्यावा लागत नाही. म्हणून पार्कमधल्या कामाची तुलना पार्कच्या भाड्याशी करून भागत नाही, या माळाशीही करायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोन्ही बाजू राजी असतील, त्या वयात माणसांना सोबत आणि हाताला काम हवं असेल, तर कायद्याने मध्ये का पडावं? सरकारी शिबिरस्थळांवर आणि वन्यजीव अभयारण्यांत स्वयंसेवक नाही का बिनपगारी काम करत? करतात, आणि मनापासून करतात. त्यांनाही आरव्हीची जागा मिळते. पण अमेरिकेच्या श्रम कायद्याने इथे स्पष्ट रेषा ओढली आहे. सरकारी संस्थेसाठी किंवा धर्मादाय संस्थेसाठी माणूस स्वेच्छेने सेवा देऊ शकतो. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी धंद्यासाठी ‘स्वयंसेवक’ होता येत नाही. तिथे केलेलं काम ही नोकरीच असते. जागेचं मूल्य मजुरीत धरायचं की नाही, आणि धरलं तर किती, यालाही नियम आहेत. ही रेषा मला योग्य वाटते. अभयारण्याच्या वाटा साफ ठेवणाऱ्याच्या श्रमाचा लाभ सगळ्यांना होतो, पार्कची स्वच्छतागृहं धुणाऱ्याच्या श्रमाचा लाभ पार्कच्या मालकाला होतो. शिवाय या रस्त्यावर सगळेच हौशी नाहीत. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ सालच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात भेटणारी माणसं २००८ च्या मंदीनंतर घर परवडेनासं झालं म्हणून गाडीत राहायला गेलेली आहेत. ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही त्याच्या राजीपणाला करारातली बरोबरी समजणं चूक आहे.

काम केलं की सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेचं पेन्शन बुडतं, ही धास्तीही सर्रास ऐकू येते. पूर्ण निवृत्तीवय गाठलेल्या माणसाला कमाईची मर्यादाच नाही. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी हे वय ६७ आहे. त्याआधी पेन्शन सुरू केलं असेल, तर २०२५ च्या नियमानुसार वर्षाला २३,४०० डॉलरपर्यंतच्या कमाईला धक्का लागत नव्हता. त्यावरच्या दर दोन डॉलरमागे एक डॉलर रोखला जातो, आणि पूर्ण वय झाल्यावर त्याचा विचार करून पेन्शन पुन्हा ठरवलं जातं. हंगामी कामातून एवढी कमाई सहसा होत नाही. खरं नुकसान होतं ते काम कागदावर न आल्याने. मुलांमुळे ग्रीन कार्ड मिळून उतारवयात अमेरिकेत आलेल्या मराठी आईवडिलांनी हे नीट समजून घ्यावं. स्वतःचं पेन्शन आणि विनाहप्ता रुग्णालय विमा मिळवण्यासाठी ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. २०२५ मध्ये एका क्रेडिटसाठी १,८१० डॉलर, म्हणजे चारांसाठी ७,२४० डॉलर नोंदलेली कमाई लागत होती. त्या वर्षीच्या किमान वेतनावर आठवड्याला २५ तास, असे वीस आठवडे काम केलं की ७,३५० डॉलर होत होते. म्हणजे युमातला एक हिवाळा वर्षभराची चारही क्रेडिट देऊ शकतो, मात्र कमाई नोंदलेली हवी. तेच तास नोंदीशिवाय निव्वळ जागेच्या बदल्यात दिले, तर दहा वर्षांनीही खात्यावर शून्यच. कराचंही तसंच आहे. नोकरीची अट म्हणून, मालकाच्या सोयीसाठी आणि त्याच्याच आवारात राहावं लागत असेल, तरच निवासाचं मूल्य करातून सुटतं. एरवी ती कमाई धरली जाते.

सर्वांत धोकादायक गैरसमज व्हिसाचा आहे: पैसे घेतलेच नाहीत, मग काम कसलं? पर्यटक व्हिसावर सहा महिने मुलांकडे आलेल्या आईवडिलांना नोकरी करण्याची मुभा नसते, आणि मोबदला रोख आहे की वस्तुरूपाने, याने त्यात फरक पडत नाही. भाडं माफ होणं हाही मोबदलाच. कॅनडाहून येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू आहे, त्यांना व्हिसाचा शिक्का लागत नसला तरी. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या, म्हणजे एच-फोरवरच्या, जोडीदाराकडे स्वतंत्र कामाचा परवाना नसेल तर त्यालाही मनाई आहे. स्वतःचा एच-वन-बी असेल तर ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याचसाठी काम करता येतं, शनिवार-रविवारी पार्कच्या फाटकावर बसता येत नाही. याची किंमत पुढच्या प्रवेशाच्या वेळी, कधी ग्रीन कार्डच्या अर्जात मोजावी लागते. हे सांगताना कुणाचा उत्साह मोडायचा नाही. अशा कुटुंबांनी आरव्ही भाड्याने घ्यावी, भरपूर फिरावं. काम मात्र धरू नये.

कागदपत्रांचा प्रश्न मेक्सिकोची सीमा ओलांडण्याआधीच सुरू होतो. आपण तर अमेरिकेतच आहोत, असं म्हणून पासपोर्ट घरी ठेवणं ही चूक आहे. युमाहून क्वार्ट्झसाइटला जाणाऱ्या ९५ क्रमांकाच्या महामार्गावरच सीमा गस्ती दलाची तपासणी चौकी आहे. परदेशी नागरिकाने मूळ कागद जवळ बाळगायचे असतात. सीमेपलीकडचं लॉस अल्गोदोनेस हे गाव दातांच्या दवाखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. काही गल्ल्यांत शेकडो दंतवैद्य बसतात आणि हिवाळ्यात रोज ही पाहुणी मंडळी कवळ्या, चष्मे, औषधं घ्यायला जातात. गाडी अलीकडे ठेवून चालतच जायचं, कारण अमेरिकी वाहनविमा मेक्सिकोत सहसा चालत नाही आणि परतीची वाहनांची रांग लांबते. अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. यातली खोच अशी की व्हिसाचा शिक्का मुदतबाह्य झाला असेल तर ही सवलत संपते. अमेरिकेत परतण्याची तीस दिवसांची एक तरतूद अशा लोकांनाही आहे, पण मेक्सिकोत शिरायला मात्र त्यांना मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागतो. पासपोर्ट हाताशी ठेवून तारखा पाहिल्याशिवाय दात दाखवायला जाऊ नये.

युमाभोवती शेतं आहेत, मग पीक काढणीला लागू, हाही एक समज. हिवाळ्यात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांपैकी सुमारे नव्वद टक्के इथे पिकतात. पण लेट्यूसच्या शेताजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे काम काय आहे ते कळतं. सावकाश पुढे सरकणाऱ्या यंत्राच्या मागे मजुरांची ओळ कमरेत वाकलेली असते. एका हाताने गड्डा धरायचा, दुसऱ्या हातातल्या सुरीने बुडाशी कापायचा, बाहेरची पानं छाटायची, पिशवीत घालून वर ठेवायचा, आणि तोवर पाऊल पुढे पडलेलं असायला हवं. बांधावर उभ्या असलेल्या बसच्या मागे फिरती शौचालयं जोडलेली असतात. यांतले अनेकजण सान लुइस रिओ कोलोरादोहून पहाटेच्या अंधारात सीमा ओलांडून येतात. हे वर्षानुवर्षांच्या सरावाचं कसब आहे. शेतमजुरांचे नेते सेझर चावेझ १९२७ मध्ये याच युमाजवळ जन्मले. हिवाळी पाहुण्यांनी या शेतांकडे वरकमाईची सोय म्हणून पाहू नये. जानेवारी-फेब्रुवारीत क्वार्ट्झसाइटला दगड-रत्नांचे आणि आरव्हींचे बाजार भरतात, तिथल्या दुकानांत कामं निघतात, ती त्यांच्या आवाक्यातली आहेत.

शेवटी फिरणं. सगळा खटाटोप ज्यासाठी, त्याचाच विचार कामाची बोलणी करताना मागे पडतो. वाळवंटात काय पाहायचं, असं म्हणणाऱ्यांनी युमाचा १८७६ ते १९०९ या काळात चाललेला तुरुंग पाहावा. क्वार्ट्झसाइटच्या स्मशानात हाजी अलीची पिरॅमिडसारखी समाधी पाहावी. हा उंटवाला अमेरिकी लष्कराच्या उंटांच्या प्रयोगासाठी १८५६ मध्ये आला आणि इथेच १९०२ मध्ये वारला. मोकळं दिसतं म्हणून कुठेही गाडी घालू नये. ९५ क्रमांकाच्या महामार्गालगतचा मोठा पट्टा लष्कराच्या चाचणीक्षेत्राचा आहे, तिथे न फुटलेला दारूगोळा असू शकतो. कोरड्या ओढ्याच्या पात्रात मुक्काम तर कधीच करू नये, कारण डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी इथे आभाळ निरभ्र असतानाही येतं. कोफा अभयारण्यातल्या पाम कॅन्यनमध्ये डोंगराच्या अरुंद फटीत रानटी ताडांचा एक छोटा समूह तग धरून आहे. महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याने जायचं, मग पायी चढायचं, आणि त्या फटीत थेट ऊन येतं ते दुपारच्या सुमाराला थोडाच वेळ. सकाळी आठ ते दोनची पाळी असलेल्याला कामाच्या दिवशी ते ताड उन्हात दिसणार नाहीत. म्हणून करारात तासांबरोबर सुट्टीचे वार लिहून घ्यावेत आणि सुट्टी सलग दोन दिवस मागावी. त्यांतला एक दिवस शनिवार-रविवार सोडून असावा, म्हणजे लॉस अल्गोदोनेसचे दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या उघड्या सापडतात. जागा कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, काम मध्येच थांबलं तर ती किती दिवसांत सोडावी लागेल, विजेचं बिल कोण भरणार आणि ठरल्यापेक्षा जास्त तास झाले तर दर काय, हे त्याच कागदावर असावं. असा कागद द्यायला जो पार्क तयार नसेल, तिथे काम न धरता भाडं भरून राहावं.