शिकायला आलेली मुले आणि मालकाची जबाबदारी

दहावीनंतर आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा किंवा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून एमआयडीसीतील एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल होणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा सतरा-अठरा वर्षांची असते, तर उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसाय अभ्यासक्रम घेतलेले विद्यार्थी त्याहूनही लहान वयात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी गॅरेज, दुकाने, रुग्णालये आणि हॉटेले यांमध्ये जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची कल्पना मांडल्यामुळे हे वय आणखी खाली आले आहे. कामातून शिक्षण हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांची ‘कमवा आणि शिका’ योजना, कोठारी आयोगाच्या शिफारशीतून शाळांत रुजलेला कार्यानुभव आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळ येथे उभारलेला विज्ञान आश्रम ही त्याची परिचित रूपे आहेत. मात्र या साऱ्या प्रयोगांत मुले शिक्षणसंस्थेच्या छायेत आणि शिक्षकांच्या नजरेखाली काम करीत असत. आज ती अनोळखी प्रौढांच्या हाती सोपविली जातात आणि तेथे त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाची, याविषयी पालक, शिक्षणसंस्था आणि मालक या तिघांच्याही मनात संदिग्धता असते.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ हा या क्षेत्रातील मूळ कायदा होय. त्यानुसार उमेदवाराचे वय किमान १४ वर्षे, आणि धोकादायक उद्योगांशी निगडित व्यवसायांत किमान १८ वर्षे, असावे लागते. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालकाने मालकाशी करार करावयाचा असतो. प्रशिक्षणासाठी पात्र व्यक्ती नेमणे, कारखान्यातील कामगारांना लागू असलेल्या आरोग्य, सुरक्षा व कल्याणविषयक तरतुदींचा लाभ उमेदवारालाही देणे आणि प्रशिक्षणाच्या ओघात अपघात झाल्यास नुकसानभरपाई देणे ही कर्तव्ये कायद्याने मालकावर टाकली आहेत. त्याच कायद्याचे अठरावे कलम मात्र शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असून कामगार नाही, असे बजावते, आणि अधिनियमात अन्यथा सांगितले नसेल तेथे कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. परिणामी कामगार संघटना त्याला आपला मानत नाही, आणि ज्या संस्थेतून तो आला तिच्या दृष्टीने तो अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेला असतो. या दोन्ही आधारांतून निसटलेल्या मुलाच्या बाबतीत उरतो तो केवळ मालक, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी करारातील कलमांपुरती मर्यादित राहू शकत नाही.

या जबाबदारीचे स्वरूप समजून घेण्यासाठी कारखान्यातील सत्तेचा व्यवहार जवळून पाहावा लागतो. उमेदवाराच्या हजेरीपत्रकावर आणि रोजच्या कामाच्या नोंदवहीवर विभागातील सुपरवायझरची किंवा फोरमनची सही लागते. त्या सहीवर त्याचे विद्यावेतन, म्हणजे शिकण्याच्या काळात मिळणारे मासिक मानधन, आणि पुढे परीक्षेला बसण्याची पात्रताही अवलंबून असते. कोणाला लेथवर बसवायचे आणि कोणाला दिवसभर झाडलोट करायला लावायचे, हेही तोच माणूस ठरवितो. एकाच व्यक्तीच्या हाती इतके सारे एकवटले की तिच्या वागण्याविषयी तक्रार करणे म्हणजे आपले वर्ष पणाला लावणे, हे सतरा वर्षांच्या मुलाला कोणी सांगावे लागत नाही. लैंगिक शोषण करणाऱ्या व्यक्ती पुष्कळदा आधी विश्वास संपादन करतात, हे या संदर्भात लक्षात ठेवले पाहिजे: मोटारसायकलवरून घरी सोडणे, रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर गप्पा मारणे, सुट्टीच्या दिवशी ‘जादा शिकवतो’ म्हणून एकट्यालाच बोलावणे, थोडे पैसे उसने देणे. यातील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर चांगुलपणाची वाटते, म्हणूनच ती एखाद्याच्या चांगुलपणावर न सोडता नियमाने बांधून घ्यावी लागते.

धोका केवळ लैंगिक स्वरूपाचा नसतो. नव्या पोराची ‘मस्करी’ करण्याची रीत अनेक कारखान्यांत सर्रास चालते आणि तिच्याकडे वडीलधारे कामगार हसून दुर्लक्ष करतात. कॉम्प्रेसरच्या हवेची नळी गुदद्वाराशी लावण्याचा प्रकार हा या मस्करीचा सर्वांत भीषण नमुना असून, दाबाखालील हवेने आतडे फाटून देशात अनेक तरुणांचे प्राण गेले आहेत. अशा घटनेला अपघात म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. यंत्राचे संरक्षक आवरण तपासणाऱ्या सुरक्षा अधिकाऱ्याने त्या यंत्राभोवती चालणारी थट्टाही तपासली पाहिजे.

उमेदवार किंवा विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, पूर्णपणे लागू होतो आणि तो मुलगे व मुली असा भेद करीत नाही. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडण्याची शक्यता आहे अशी ज्याला भीती वाटते, त्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. एरवी न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. पण कंपनीचा वा संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवीत असेल, तर ही मर्यादा एक वर्षापर्यंत जाते आणि दंडही होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील निवासी शाळेच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळविल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश बाजूला सारून, वेळेवर माहिती न देणे हा गंभीर गुन्हा असल्याचे स्पष्ट केले. मालकांची नेहमीची चूक नेमकी येथेच होते. ‘आधी आपण खात्री करून घेऊ’ असे म्हणून ते आरोपीला आणि मुलाला समोरासमोर बसवितात, पालकांना बोलावून प्रकरण मिटवितात आणि त्यात पुरावाही जातो, मुलाचा धीरही जातो. तपास करणे हे व्यवस्थापकाचे कामच नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे संरक्षण कायद्यानेच दिले आहे.

मुलींसाठी याखेरीज कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा आहे. त्यातील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार यांचा स्पष्ट उल्लेख असून, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान आस्थापनांतील तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. मुलग्यांना असा मार्ग नाही. अठरा पूर्ण होताच पोक्सोचे छत्रही त्यांच्या डोक्यावरून निघून जाते, ही कायद्यातील मोठीच उणीव आहे आणि ती भरून काढण्याचा इलाज आज तरी मालकाने स्वतःच्या नियमावलीत करावयाचा आहे.

मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करावी आणि त्यांना प्रशिक्षण द्यावे, असे २०२० चे पोक्सो नियम सांगतात. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालील विद्यार्थ्याला कामावर नियमितपणे व एकट्याने शिकविणाऱ्या व्यक्तीची पूर्वपीठिका तपासून घेतली जाऊ शकते. आपल्याकडे प्रत्येक गॅरेजवाल्याची पडताळणी होईल, ही अपेक्षा तूर्त भाबडी आहे. परंतु सहीचा अधिकार एका हातातून काढून दोघांत वाटणे, मुलाच्या रोजच्या कामाशी संबंध नसलेली एक व्यक्ती तक्रारीसाठी नेमून तिचे नाव पहिल्याच दिवशी सांगणे, बंद खोलीत एकट्याने प्रशिक्षण न देणे आणि निरोप केवळ पालकही असलेल्या गटावर पाठविणे यांना खर्च जवळजवळ काहीच येत नाही. वेळेच्या बाबतीत किशोरवयीनांच्या कामाचा कायदा चांगला मापदंड पुरवितो: विश्रांती धरून दिवसाला सहा तासांहून अधिक काळ नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही. तो शिकाऊ उमेदवारांना काटेकोरपणे लागू होतो की नाही, यावर वकील वाद घालोत. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री अकरा वाजता एमआयडीसीच्या नाक्यावर वाहनाची वाट पाहत उभ्या राहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला त्या वादाचा उपयोग नसतो. कंत्राटदाराच्या माणसांनाही हेच नियम लागू असले पाहिजेत, कारण मुलाला पगारपत्रक दिसत नाही, त्याला केवळ मोठा माणूस दिसतो.

शिक्षणसंस्थांनी विद्यार्थी पाठविण्यापूर्वी जागा पाहून यावी, महिन्यातून एकदा तरी न कळविता भेट द्यावी आणि त्या भेटीत मुलाशी सुपरवायझरच्या गैरहजेरीत बोलावे. कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी अग्निशमन दलाचा क्रमांक लावलेला असतोच. त्याच्या शेजारी, मुलांच्या मदतीसाठी चोवीस तास आणि विनामूल्य चालणारा १०९८ हा क्रमांकही मालकांनी मोठ्या अक्षरांत लावावा.