रयत म्हणजे नेमकी कोण?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजारच्या दिवशी कुणबी जमले आणि त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांची दुकानं लुटली. पंधराच दिवसांनी, २७ मे रोजी, बडोद्यात जमनाबाईसाहेबांनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. रक्तानं गायकवाडांच्याच एका शाखेतले, पण घर शेती कसणारं. एकीकडे रयत खवळली होती, दुसरीकडे रयतेतलं पोर गादीसाठी निवडलं जात होतं, आणि साहेबाच्या कागदांत दोन्हीकडच्या माणसांना शब्द एकच होता: 'रायट'. (दंग्यालाही इंग्रजीत रायटच म्हणतात. त्या दोन शब्दांचं नातं काही नाही, पण त्या दंग्यांच्या अहवालात ते दोन्ही एकत्र नांदले.)

हा 'रायट' म्हणजे आपलीच रयत. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तो रीतसर नोंदलेला आहे. एकोणिसाव्या शतकातला कुठलाही महसुली अहवाल उघडा, पानोपानी तो सापडेल. आज इतिहासाचा अभ्यासक सोडला तर इंग्रजी बोलणाऱ्या कुणाला तो ठाऊक नसतो. साहेब गेला आणि त्याच्या भाषेतली रयतही गेली.

शब्द मूळचा अरबी. चरणं, चारणं या धातूपासून झालेला. म्हणजे राखणीतला कळप. त्यावरून राजा राखणदार आणि लोक त्याचा कळप. तुर्कस्तानच्या उस्मानी राज्यात समाजाचे सरळ दोन भाग होते: चाकरी करून करमाफी भोगणारे 'अस्करी', आणि कर भरणारी 'रेआया'. म्हणजे शब्दात माया आहे, तशी लोकर कातरायची सोयही आहे. आपल्याकडे तो फारसीतून आला आणि इतका मुरला की परका वाटेनासा झाला.

शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र पुष्कळांना माहीत असतं. ते मुळात आहे दाणागोट्याचं. पावसाळ्यापुरती बेगमी आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, फाटे उचलू लागाल, आणि जीव धरून राहिलेले कुणबीही गाव सोडतील. त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथवर बजावलं आहे. ही निव्वळ दयाबुद्धी नव्हे. कुणबी गेला तर राज्य कशावर चालणार, हा रोखठोक हिशेब त्यात आहे. म्हणून हे पत्र मला मोठं वाटतं.

पुढे इंग्रजांनी या शब्दाला मोजपट्टी लावली. मद्रासकडे मन्रोनं रयतवारी बसवली. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरातून सुरुवात केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. जमिनीचा कसही आण्यांतच. सारा ठरला तीस वर्षांसाठी, आणि ज्याच्या नावे खातं तो रयत. इथे शब्द आक्रसला. त्याच शेतात राबणारा पण खातं नसलेला मजूर या हिशेबात रयत नव्हता. शिवाय खातं नावावर आलं तसं ते गहाणही टाकता येऊ लागलं. सुप्याचे लोक सावकाराकडे मुख्यत: कर्जरोखे मागत होते. कितीतरी गावांत रोखे निमूट मिळाले तिथे कुणाच्या अंगाला हात लागला नाही; कागद जाळले आणि माणसं घरी गेली.

बंगालमध्ये हीच 'रायत' जमीनदाराचं कूळ. १८८५ च्या कायद्याप्रमाणे गावात सलग बारा वर्षं जमीन धरली की ती कायमची रायत. कानडीत 'रैत' म्हणजे आजही साधा शेतकरी, आणि तेलंगणानं २०१८ मध्ये शेतकऱ्यांना पैसे देणारी योजना काढली तिचं नाव होतं 'रयतु बंधु'. सीमेपलीकडे शब्द चांगला धडधाकट आहे. मराठीत मात्र तो शेतातून उठून फलकावर जाऊन बसला.

बडोद्यात या शब्दाला आणखी एक पदर होता. मांडवीजवळच्या घडियाळी पोळीत, जिथे अंबामातेचं देऊळ आहे, तिथे आणि भोवतालच्या पोळींत मराठी घरं वसली ती गायकवाडीच्या आधारानं: सरदार, मानकरी, कारकून, भटभिक्षुक. रयत होती पादरा, पेटलाद, कडी, नवसारीच्या गावांत, आणि ती बोलायची गुजराती. म्हणजे मराठी बडोदेकरांच्या तोंडी रयत म्हणजे 'ते लोक'. दौत-लेखणी आपल्याकडे, नांगर त्यांच्याकडे. आपण बडोदेकर सयाजीरावांचे गोडवे गातो, ते गावेतच. पण त्यांच्या आधी गादीवर असलेल्या मल्हाररावांच्या अमदानीतल्या जुलमी वसुलीच्या ज्या तक्रारी १८७३ च्या चौकशी कमिशनपुढे आल्या, त्या वसुलीचे कागद लिहिणारे हात बव्हंशी मराठीच असणार, हेही बोलायला हवं.

सयाजीरावांनी इलियटकडून जमिनीची पाहणी करवली. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' बडोद्याला येऊन त्यांना वाचून दाखवला होता. त्यावेळी महाराज विशीत होते. पुस्तकाच्या नावात 'रयत' नाही, 'शेतकरी' आहे. जोतीरावांना राखणदार नको होता. १९३१ मध्ये बडोद्यानं आठ भाषांतला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' काढला. कारभाराच्या शब्दांवर एवढी मेहनत घेणारं दुसरं संस्थान चटकन आठवत नाही.

आणि तरीही याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून १९१७ मध्ये नोकरीवर रुजू झालेल्या आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातून त्यांना बाहेर काढलं गेलं. रयतेत त्यांची गणती होती की नव्हती? १९३० मध्ये त्यांच्या चळवळीचं पत्र निघालं त्याचं नाव 'जनता'. संस्थानांतल्या चळवळी करणाऱ्यांनी 'प्रजा' पसंत केला. पण प्रजा म्हणजे मुळात संतती, म्हणजे राजा बाप. एकूण कळप काय किंवा लेकरं काय, नाव ठेवणारा वरच बसलेला.

हे उलटवलं भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी संस्था काढली ती 'रयत शिक्षण संस्था'. इथे रयत कुणाच्या राखणीत नव्हती. स्वत:च्या कष्टावर शिकणारी होती, आणि तिच्यात खातेदाराचा मुलगा व बिनखात्याचा मुलगा एका पंगतीला होता. १९४० मध्ये, सयाजीराव जाऊन वर्ष झाल्यावर, भाऊरावांनी साताऱ्यात हायस्कूल सुरू केलं त्याला नाव दिलं महाराजा सयाजीराव हायस्कूल. राजाच्या नावाची शाळा रयतेनं काढली. निवडणुकीच्या सभेत हल्ली कुणीही उठून 'रयतेचं राज्य' म्हणतो, तेव्हा यातला कुठला अर्थ त्याच्या मनात असतो, हे विचारायला हवं.

रयत स्वत:ला काय म्हणवून घेत होती, याचा पुरावा पुस्तकांत थोडा आणि दप्तरांत जास्त. सारामाफीचा अर्ज, तगाईची विनंती, पाटलाविरुद्धची तक्रार. वरच्याला लिहिताना का होईना, तिथे माणूस आपल्या तोंडानं बोलतो. घडियाळी पोळ, दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी घरं आता विकली जाताहेत, पाडली जाताहेत. कारकुनी केलेल्या घरांतून माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी अजून निघतात. वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्याला आधी दाखवा, आणि मग अभिलेखागाराकडे सोपवा.